मित्रमेळ्याची पदे : थोडे कागद, थोडा तर्क

मेळ्याचे पद टिकून राहावे, अशी कुणाची अपेक्षाच नसे. भाद्रपदातले दहा दिवस, रात्रीची वेळ, गणपतीपुढे ओळीने उभी राहिलेली पंधरा-वीस पोरे. एकाने पद उचलायचे, बाकीच्यांनी ध्रुवपद पाठीमागून धरायचे, आणि विसर्जन झाले की सगळे मोडायचे. पुढच्या वर्षी विषय नवा, पद नवे, कधी पोरेही नवी. १८९४ च्या पुण्यातल्या उत्सवापासून पुढची कितीतरी दशके महाराष्ट्रात हौशी तरुणांचे समूहगान म्हणजे मेळा, हेच समीकरण होते. आरंभीच्या काळात त्यात मुलगे आणि पुरुषच असत. पण या गाण्याचा इतिहास लिहायला बसावे तर हाती येतात त्या पदांच्या पातळ चोपड्या, वर्तमानपत्रांतले ओझरते उल्लेख आणि सरकारी अहवाल. आवाज कुठेच नाही.

नाशिकच्या मित्रमेळ्याचाही आवाज उरलेला नाही. त्याच्याविषयीचा कागद मात्र इतर कुठल्याही मेळ्यापेक्षा अधिक उरला, कारण त्याच्या परिसरात जन्मलेल्या कविता न्यायालयात गेल्या, आणि न्यायालयात गेलेली वस्तू सहसा हरवत नाही. हा कागद पुरेसा आहे का, आणि त्यातून गाणाऱ्यांपर्यंत कितपत पोहोचता येते, हे तपासून पाहायचे आहे.

साधने मुख्यत: चार प्रकारची आहेत, आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा. पहिले, विनायक दामोदर सावरकरांच्या ‘माझ्या आठवणी’. हा आतल्या माणसाचा वृत्तांत आहे, पण घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, अंदमान आणि रत्नागिरी पाहून झाल्यावर लिहिलेला. दुसरे, मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल: नोव्हेंबर १९०९ चा गणेश दामोदर सावरकर यांच्या अपिलावरचा आणि डिसेंबर १९१० चा नाशिक कटाच्या खटल्यातला. तिसरे, १९१८ चा रौलट समितीचा अहवाल, ज्याचा पहिलाच भाग मुंबई इलाख्याविषयी आहे. आणि चौथे, खुद्द कविता: कवी गोविंदांच्या आणि सावरकरांच्या, ज्या एकेकाळी सरकारजमा झाल्या आणि पुढे पुन्हा छापल्या गेल्या.

पहिला प्रश्न साधा आहे. मेळा निघाला कधी? सावरकर १ जानेवारी १९०० ही तारीख देतात. कटाच्या खटल्यातला वृत्तांत मात्र तरुणांची ही मंडळी सुमारे १८९९ मध्ये गणपती-उत्सवाच्या निमित्ताने सुरू झाली असे सांगतो, आणि रौलट अहवालही तेच म्हणतो. फरक थोड्या महिन्यांचाच, पण तो सहज सोडून देण्यासारखा नाही. आठवणींतच याचा उलगडा होण्याजोगा धागा आहे. १८९९ च्या अखेरीस, नाशकात प्लेगाचे दिवस असताना, सावरकरांनी त्र्यंबकराव म्हसकर आणि रावजी कृष्ण पागे या दोघांबरोबर ‘राष्ट्रभक्त समूह’ नावाची गुप्त संस्था काढली होती. मित्रमेळा ही तिची उघड शाखा. न्यायालयापुढे साक्षी झाल्या त्या दहा वर्षांनंतर. तेव्हा साक्षीदारांच्या मनात गुप्त समूह आणि उघड मेळा यांची सांगड पडली असेल, आणि मेळा म्हटले की गणपती हे ओघाने आले असेल, असा माझा तर्क आहे. जानेवारीत गणपती नसतात, हे इथे लक्षात घ्यावे. मंडळी जानेवारीत जमली आणि गाणी म्हणायला भाद्रपदाची वाट पाहावी लागली, हा क्रम दोन्ही साधनांशी जुळतो. तरीही हा तर्कच. निश्चित एवढेच की १९०० उजाडताना नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीच्या परिसरात ही मंडळी एकत्र येत होती.

त्यांनी ‘मेळा’ हे रूप का घेतले, याचे उत्तर शोधायला पुण्याकडे जावे लागते. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्यानंतरच्या वर्षी पुण्यात गणपतीला जे सार्वजनिक रूप आले त्यात मेळे होते, आणि मेळ्यांची पहिली पदे ताबुतांच्या मिरवणुकीकडे हिंदूंनी पाठ फिरवावी असे सांगणारी होती. गंमत अशी की मेळ्याचे रूप बरेचसे मोहरमच्या टोळ्यांवरूनच उचललेले होते. ज्याच्यापासून लोकांना तोडायचे त्याचाच साज घ्यावा लागला. रौलट अहवाल या मेळ्यांचे वर्णन करतो: कवायत शिकलेली, रस्त्यातून फिरणारी, मुसलमानांविरुद्ध आणि सरकारविरुद्ध पदे म्हणणारी तरुणांची पथके. हा अहवाल विरोधी पक्षाचा साक्षीदार आहे हे विसरून चालणार नाही. एका कडक कायद्याची गरज सिद्ध करण्यासाठी तो लिहिला गेला, तेव्हा गाण्यातला राग त्याला ऐकू येणार आणि गंमत ऐकू येणार नाही. मेळ्यांत भक्तीची पदेही असत, सुधारकांची टिंगल असे, गावातल्या भानगडी असत. पण एका गोष्टीसाठी असा साक्षीदार उपयोगी पडतो. मेळा हे तरुणांना बिनसंशय एकत्र आणण्याचे साधन होते, हे त्याने कबूल केले आहे. नाशकातल्या पोरांना नेमके तेच हवे होते.

पदे कोणी रचली? इथे साधने एका माणसाकडे बोट दाखवतात, आणि तो माणूस या सगळ्या कागदांत सर्वांत कमी बोलतो. गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे आबा दरेकर, पुढचे ‘कवी गोविंद’. जन्म १८७४. लहानपणीच्या तापाने पाय गेलेले. सावरकर सांगतात की मित्रमेळ्यात येण्यापूर्वी आबा लावण्या रचत. या मंडळींच्या संगतीत त्यांची लेखणी पोवाड्याकडे आणि स्वातंत्र्याच्या पदांकडे वळली. हा वृत्तांत सावरकरांचा आहे, दरेकरांचा नाही. कुणी कुणाला वळवले, याबद्दल दुसऱ्या बाजूचेही काही म्हणणे असू शकते. पण दरेकरांच्या रचनांकडे पाहिले तर लावणीचा हात लपत नाही. ओळ आखूड, ताल ठसठशीत, यमक दर दोन पावलांवर, आणि ध्रुवपद असे की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या फेरीत साथ धरता यावी. शाळेत फार न गेलेल्या माणसाला ही हातोटी पुस्तकातून मिळालेली नाही, ती फडातून मिळालेली आहे, असे मी खात्रीने म्हणेन. सावरकर वयाने नऊ वर्षांनी लहान आणि संस्कृत-इंग्रजी वाचलेले. त्यांचे सिंहगडाचा आणि बाजी प्रभूंचा हे पोवाडेही याच मंडळींच्या गाण्यासाठी होते. दोघांच्या रचना शेजारी ठेवून म्हणून पाहाव्यात. सावरकरांचा पोवाडा एकट्या गळ्याला तोलून धरतो. गोविंदांचे पद मात्र एकट्याने म्हटले तर अर्धेच वाटते.

ही म्हणण्याची बाजू कागदावर कशी दिसते? त्या काळच्या मेळ्याच्या चोपड्या ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना पदाच्या डोक्यावरची ती बारीक ओळ आठवेल: ‘चाल –’ आणि पुढे एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाचे, लावणीचे किंवा आरतीचे पहिले दोन-तीन शब्द. स्वरलिपी नाही, रागाचे नाव क्वचित. चोपडी विकत घेणाऱ्याला ती चाल ठाऊक आहे, हे गृहीत धरलेले. इतिहासाच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे पदातला सर्वांत मौल्यवान पुरावा. ज्या नाट्यपदाचा हवाला आहे ते किर्लोस्कर मंडळींचे असेल आणि आजही गायले जात असेल, तर मेळ्यातल्या पोरांच्या तोंडी काय होते याचा चांगला अंदाज करता येतो. ज्या लावणीचा हवाला आहे ती विस्मरणात गेली असेल तर मात्र आपण दाराशीच थांबतो. पोवाड्याची गोष्ट थोडी सोपी. शाहिराने कडवे म्हणायचे आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी’ची साथ द्यायची, हा घाट अजून जिवंत आहे, त्यामुळे १९०० च्या सुमाराचा नाशिकचा पोवाडा आजच्या पोवाड्याच्या मागून ऐकण्याची मुभा आपण घेऊ शकतो. वेग, साज, पट्टी यांविषयी मात्र काही न बोललेले बरे. हिंदुस्थानात तबकड्यांवरचे मुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले, पण ते बैठकीच्या आणि व्यावसायिक गळ्यांचे. गल्लीतल्या हौशी पोरांसाठी कुणी कर्णा लावला नाही.

१९०४ मध्ये मंडळींनी ‘अभिनव भारत’ हे नाव घेतले. १९०६ च्या दसऱ्याला नाशकात ‘वंदे मातरम्’च्या घोषावरून पोलिसांशी चकमक उडाली आणि बाबाराव, म्हणजे गणेश सावरकर, आणि त्यांचे साथीदार फौजदारी खटल्यात सापडले. अनेकांनी मिळून तोंडाने काढलेला आवाज हाच वादाचा विषय झाला तो इथे. धाकटे बंधू विनायक त्याच वर्षी विलायतेला गेले होते.

यानंतर वातावरण बदलले ते सुरतेला. काँग्रेसचे अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे, ते हलवून सुरतेला नेले, आणि २६ व २७ डिसेंबर १९०७ या दोन दिवसांत मंडप मोडला. इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. गोंधळात व्यासपीठावर भिरकावलेल्या जोड्याचे त्याने केलेले वर्णन इतके नेमके आहे की जोडा मराठी बनावटीचा होता हे त्याच्या तांबड्या कातड्यावरून आणि टोकावरून कळते. सुरतेचा आणि नाशिकच्या पदांचा थेट संबंध दाखवणारा कागद नाही, आणि तसा मी जोडणारही नाही. पण कालक्रम बोलका आहे. जहाल गट काँग्रेसबाहेर पडला आणि सरकारला त्याला वेगळा गाठणे सोपे झाले. जून १९०८ मध्ये वृत्तपत्रांवरचा नवा कायदा आला, २४ जूनला टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. सुरतेच्या मंडपापासून नाशिकच्या कवितांवरच्या शिक्षेपर्यंत दीड वर्षही पुरे होत नाही. १९०० ते १९०६ या काळात याच वळणाची पदे उघड्यावर म्हटली जात होती आणि त्यांवर कुणी फाशीचे कलम लावले नव्हते. म्हणजे बदलली ती पदे फारशी नाहीत, बदलले ते ऐकणारे सरकार.

खटल्याचा विषय होता ‘लघु अभिनव भारत माला’ हे छोटे पुस्तक. बाबारावांनी ते प्रसिद्ध केले. आरोप त्यातल्या चार कवितांवर, आणि कलमे दोन: राजद्रोहाचे १२४ अ आणि बादशहाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे किंवा त्याला चिथावण्याचे १२१. नाशिकच्या सत्र न्यायालयाने ८ जून १९०९ रोजी जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा दिली. अपील फेटाळले गेले ते ८ नोव्हेंबरला, न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे.

इथे जरा थांबले पाहिजे. चंदावरकर हे १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. आणि रानडे गेल्यानंतर, १९०१ पासून, मुंबई प्रार्थना समाजाचेही अध्यक्ष. गिरगावातल्या मंदिरात दर रविवारी जमून तुकोबांचे अभंग म्हणणाऱ्या समाजाचा प्रमुख, नाशकात जमून गोविंदांची पदे म्हणणाऱ्यांविषयी निर्णय देत होता. चार माणसांनी मिळून म्हटलेल्या शब्दाचे वजन त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठी मूळही त्यांना परके नव्हते. निकालाचा रोख असा की देवांची आणि शिवाजीची नावे ही आडोशासाठी आहेत, आतला मजकूर तलवार उचला हा आहे. वाङ्मय म्हणून हे वाचन चुकीचे नाही. मित्रमेळ्यातल्या कुणाला विचारले असते तर त्यानेही, अर्थात न्यायालयाबाहेर, हेच सांगितले असते. पौराणिक पडद्याआडून वर्तमानाविषयी बोलायची ही रीत श्रोत्यांना पाठ होती, आणि ‘कीचकवध’ नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकालाही कीचक कोण हे विचारावे लागत नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने निकाल महत्त्वाचा ठरला तो निराळ्याच मुद्द्यावर. नुसती भावना चेतवणे म्हणजे राजद्रोह, पण कृतीला प्रवृत्त करणे म्हणजे युद्धाला चिथावणी. आणि त्यासाठी एखादे विशिष्ट युद्ध ठरलेले असण्याची गरज नाही, असा भेद तिथे केला गेला. साधनांचा वाचक म्हणून मला त्यात जे खटकते ते असे. भावना आणि कृती यांच्यामधली रेघ नेमकी गाण्यात कुठे पडते? एकट्याने वाचलेली ओळ आणि वीस जणांनी ताल धरून म्हटलेली ओळ यांचा परिणाम सारखा नसतो. मेळ्याचा हेतू हाच की दुसऱ्या प्रकारचा परिणाम व्हावा. पण न्यायालयासमोर पुस्तक होते. प्रसिद्ध करणे हा गुन्हा होता; चाल, ध्रुवपद, साथ यांना तिथे जागाच नव्हती. त्यामुळे मित्रमेळ्याविषयीचे सर्वांत भक्कम दस्तऐवज गाण्याविषयी मुके आहेत. ज्या गोष्टीने पदांना धार आली तीच नोंदीतून गळली.

कवीला मात्र शिक्षा झाली नाही. पदे गोविंदांची आणि जन्मठेप बाबारावांची, ही विसंगती प्रत्येक वाचकाला टोचते. तिच्या मागे काय असावे? पुस्तकाची जबाबदारी प्रकाशकाने घेतलेली, हे एक कारण. दुसरे, सरकारला संघटक हवा होता. बाबाराव कवायत घेत, पैसा आणि माणसे जमवत. गल्लीत बसून राहिलेला पांगळा कवी त्यांच्या हिशेबी धोकादायक नसावा. पहिले कारण कागदावर आधारलेले आहे, दुसरे माझे अनुमान.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर. बाबारावांना खटल्यासाठी पाठवणारे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग चालू असताना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. त्यानंतरच्या कटाच्या खटल्यात अडतीस आरोपी होते. हा खटला ज्यांनी चालवला त्या तीन न्यायाधीशांत चंदावरकर आणि हीटन पुन्हा होतेच.

जॅक्सन यांच्याविषयी एक गोष्ट मात्र मराठीत पुरेशी सांगितली जात नाही. ते संस्कृतचे जाणकार होते आणि लोकसमजुती, व्रते, म्हणी, गावदेवतांच्या कथा गोळा करीत. त्यासाठी त्यांनी शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ते साहित्य दोन खंडांत प्रसिद्ध केले: १९१४ मध्ये गुजरातचा आणि त्यानंतर कोकणचा. खेड्यापाड्यातल्या लोकांच्या तोंडी काय आहे याची एवढी आस्था असलेला माणूस नाशिकला जिल्हाधिकारी होता, आणि त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, त्याच्या काळात, नवे लोकगीत तयार होत होते. ते त्याच्या टेबलावर आले ते फिर्यादीचा कागद होऊन.

फेब्रुवारी १९१० च्या छापखान्याच्या कायद्याने पुस्तके सरकारजमा करणे सोपे झाले. गोविंदांच्या आणि सावरकरांच्या रचना त्या जाळ्यात सापडल्या. पण सरकारजमा म्हणजे नष्ट नव्हे. जप्त प्रकाशनांच्या प्रती लंडनला इंडिया ऑफिसच्या आणि ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात जात राहिल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांनी १९८५ मध्ये त्यांची सूचीही छापली. घरोघरच्या प्रती लोकांनी झडतीच्या भीतीने चुलीत घातल्या, विहिरीत टाकल्या; शत्रूच्या फडताळात त्या राहिल्या. सरकारने हे इतिहासावर उपकार म्हणून केले नाही, आणि त्यामुळे या संग्रहाचा तोल एका बाजूला झुकलेला आहे. ज्यात राजद्रोह दिसला ते जपले गेले. त्याच रात्री, त्याच पोरांनी म्हटलेली गणपतीची साधी आरती, गावातल्या सावकारावरची टिंगल, प्लेगावरचे पद हे कुणालाच जप्त करावेसे वाटले नाही. मित्रमेळ्याच्या पोरांनी फक्त लढाईचीच गाणी म्हटली असा जो समज आहे, तो बराचसा या संग्रहाच्या घडणीतून आलेला असावा.

कवी गोविंद १९२६ मध्ये गेले. त्यांच्या अखेरच्या ‘सुंदर मी होणार’ या कवितेचे नाव पु. ल. देशपांड्यांनी पुढे नाटकाला घेतले, आणि आज बहुतेकांना ते शब्द नाटकामुळे ठाऊक आहेत. मेळ्यांची परंपरा मात्र थांबली नाही. पुण्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जेधे-जवळकरांचा छत्रपती मेळा आणि सन्मित्र समाज मेळा यांची पदांतून जुंपली. खुद्द नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. कर्डकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पोलिसांनी किंवा न्यायालयाने आपली नोंद ठेवावी याची वाट न पाहता ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक १९७८ मध्ये स्वत:च्या हातांनी लिहून ठेवले. त्यात जलसा उभा कसा राहतो, कोण काय म्हणतो, हे गाणाऱ्याच्या बाजूने कळते. मित्रमेळ्याच्या वाट्याला असा झीलकरी आला नाही. आठवणी नेत्याने लिहिल्या, निकाल न्यायाधीशांनी. मागच्या ओळीत उभे राहून ध्रुवपद धरणाऱ्याचा कागद अजून समोर आलेला नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. नाशिक, पुणे, बडोदा, सुरत, जिथे जिथे मराठी गणपती बसले, तिथल्या जुन्या घरांत मेळ्यांच्या चोपड्या अजून निघतात. पंचांग आणि पोथ्यांच्या गठ्ठ्यात त्या रद्दीला जातात. अशी चोपडी सापडली तर पदांआधी ‘चाल –’ ही ओळ पाहा, आणि मलपृष्ठावर, समासात कुणी पेन्सिलीने नावे लिहिली आहेत का तेही पाहा. घरातल्या एखाद्या वृद्धाला ती चाल येत असेल तर त्याच दिवशी भ्रमणध्वनीवर मुद्रित करून घ्या. प्रत नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा तुमच्या गावच्या ग्रंथालयात द्या, आणि देताना ती कुणाच्या घरातली, कुठल्या मेळ्याची, कोण म्हणत असे, हे कागदावर लिहून त्यात घाला.